शिखर तेच, पायथा बदलता : सॉल्सबरीच्या चित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी या कॅथीड्रलच्या (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या) शहराची जुनी-नवी चित्रं एका प्रदर्शनात ओळीने लावली, तर त्यांतून शहराची वाढ कशी दिसते, यावर गेल्या अंकात लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : अशा प्रदर्शनात पाच-दहा चित्रं झाली की सगळी सारखीच वाटू लागतात. प्रत्येकात कॅथीड्रलचा तोच सुळका. शहर बदलताना नेमकं दिसतं कुठे?

सुळक्याकडे पाहणं आधी थांबवा. १२३ मीटर उंचीचं ते दगडी शिखर चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभं राहिलं आणि तेव्हापासून त्याची बाह्यरेषा जवळजवळ तीच आहे. १६११चा नकाशा घ्या, १८३१चं तैलचित्र घ्या किंवा आजचा फोटो घ्या, शिखरावरून तारीख कळत नाही. पण चित्रकाराला तेच हवं असतं आणि चित्र विकत घेणाऱ्यालाही तेच, म्हणून ते कायम मधोमध, उजेडात. तारीख सापडते त्याच्या पायथ्याशी आणि पलीकडच्या बाजारात.

पायथ्यापासून सुरुवात करू. कॅथीड्रलच्या उत्तरेला, आवारात सुटा उभा असलेला एक घंटामनोरा होता. वास्तुविशारद जेम्स वायट यांनी १७८९ ते १७९२ या काळात कॅथीड्रलची मोठी 'सुधारणा' केली, तेव्हा तो पाडला गेला आणि आवारातली थडगी सपाट करून हिरवळ केली गेली. म्हणजे आज जी विस्तीर्ण हिरवळ पाहून लोक मध्ययुगात गेल्यासारखे होतात, ती अठराव्या शतकाच्या अखेरची आहे. चित्रात घंटामनोरा दिसला, तर मूळ रेखाटन त्या आधीचं.

मग पश्चिमेची दर्शनी भिंत पाहा. तिच्यावर कोनाड्यांच्या ओळी आहेत. १८६०च्या दशकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या जीर्णोद्धारात शिल्पकार जेम्स रेडफर्न यांनी साठावर नवे पुतळे घडवले. त्याआधी बहुतेक कोनाडे रिकामे होते. कोनाडे भरलेले दिसले, तर चित्र स्कॉटच्या नंतरचं.

आता बाजारात या. पोल्ट्री क्रॉस नावाची षट्कोनी, कमानदार छत्री तिथे आहे. शहरातल्या चार बाजार-छत्र्यांपैकी आज एवढीच उरली आहे. तिच्या डोक्यावर मुकुटासारख्या वळणाऱ्या दगडी कमानी दिसतात, त्या १८५२ ते १८५४ मधल्या. त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या चित्रांत ती बुटकी, बोडकी दिसते. जवळच खांबांची गिल्डहॉलची (नगरसभागृहाची) इमारत आहे. जुनं कौन्सिल हाउस १७८०मध्ये आगीत गेलं आणि गिल्डहॉल १७९५मध्ये तयार झाला. शिवाय रेल्वे १८४७मध्ये आली, आणि फिशरटन पुलाजवळचा घड्याळाचा मनोरा १८९०च्या दशकातला.

यावरून एक खिडकी तयार करायची. समजा, एका चित्रात गिल्डहॉल आहे, पण पोल्ट्री क्रॉस बोडकी आहे. मग ते १७९५ ते १८५२ यांच्या मधलं. दोन खुणा मिळाल्या तर खिडकी अरुंद होते, तीन मिळाल्या तर आणखी.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं : 'दिसणं' हा पुरावा भक्कम असतो, 'न दिसणं' कच्चा. १७६०च्या चित्रकारालाही घंटामनोरा अडचणीचा वाटून तो गाळावासा वाटू शकतो. पण १८३०च्या चित्रकाराला पडलेला मनोरा समोर दिसणार नाही. दुसरं : छापचित्रं करणारे कारागीर जुन्या चित्रावरून नक्कल करत. त्यामुळे घंटामनोरा असलेलं चित्र १८००नंतर छापलेलं असू शकतं. खुणा सांगतात ते मूळ रेखाटनाचं वय. कागदाचं वय निराळं काढावं लागतं. त्याबद्दल पुढे एका प्रश्नात आहे.

प्रश्न : काही चित्रांत सॉल्सबरी दूरवर, खाली आणि पुढे नुसत्या गवताळ टेकड्या असं दिसतं. ती कुठली जागा?

ते ओल्ड सेरम, म्हणजे जुनं शहर. आजच्या शहराच्या उत्तरेला साधारण तीन किलोमीटरवर, मातीच्या प्रचंड तटबंदीच्या आत किल्ला आणि कॅथीड्रल दोन्ही होते. तिथलं नॉर्मन कॅथीड्रल १०९२मध्ये प्रतिष्ठापित झालं आणि पाचच दिवसांत वादळाने त्याची नासधूस केली. उंचावरचा वारा, पाण्याची टंचाई आणि किल्ल्यातल्या शिपायांशी धर्मगुरूंच्या कुरबुरी या तिन्हींना कंटाळून बिशप रिचर्ड पूअर यांनी नदीकाठच्या सपाटीवर नवीन कॅथीड्रल आणि शहर वसवलं. पायाभरणी २८ एप्रिल १२२० रोजी झाली आणि मुख्य वास्तूची प्रतिष्ठापना १२५८मध्ये. हा वेग त्या काळच्या मानाने अफाट होता, म्हणूनच इमारत इतकी एकसंध दिसते. जुन्या जागेचे दगडही वाया गेले नाहीत. १३३१मध्ये राजाच्या परवानगीने ते नव्या आवाराच्या भिंतीसाठी आणले गेले. त्या भिंतीत आजही जुन्या कोरीवकामाचे तुकडे उलटसुलट बसवलेले सापडतात.

इंग्लिश चित्रकार टर्नरच्या १८२०च्या दशकातल्या जलरंगात ओल्ड सेरमच्या उतारावर मेंढपाळ आहे आणि खाली उजेडात शिखर. त्याच काळातला दुसरा इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबल याचा 'ओल्ड सेरम' हा जलरंग १८३४चा. त्यात माणूस नावालाच, वर काळवंडलेलं आभाळ. १८३४ या सालाकडे लक्ष द्या. या ओसाड टेकडीला १८३२पर्यंत ब्रिटिश संसदेत दोन खासदार निवडून पाठवण्याचा हक्क होता. 'कुजका मतदारसंघ' म्हणून त्याची देशभर नालस्ती झाली होती आणि १८३२च्या सुधारणा कायद्याने तो रद्द झाला. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते चित्र नुसतं निसर्गचित्र वाटलं नसणार.

प्रश्न : कॉन्स्टेबलच्या 'सॉल्सबरी कॅथीड्रल फ्रॉम द मेडोज' या चित्रातलं इंद्रधनुष्य खरोखर दिसलेलं होतं का?

तपासता येतं, आणि त्यासाठी फक्त दिशा लागतात. इंद्रधनुष्याचं केंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतं आणि त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. म्हणून ४२ मधून सूर्याची उंची वजा केली की धनुष्याच्या माथ्याची उंची मिळते. सूर्य ४२ अंशांच्या वर असेल, तर जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसतच नाही.

चित्रकार उभा आहे वायव्येला, नॅडर नदीच्या अलीकडे. पाहतो आहे आग्नेयेकडे. म्हणजे धनुष्य समोर हवं तर सूर्य पाठीमागे वायव्येला हवा. त्या अक्षांशावर सूर्य वायव्येच्या आसपास जातो तो ऐन उन्हाळ्यात, तेही मावळतीला. मग सावल्या लांबलचक आणि उजेड आडवा, सोनेरी दिसायला हवा. चित्रातला उजेड तसा नाही. हवामान-अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला आहे आणि तो पटणारा आहे. ढगांचा इतका बारकाईने अभ्यास केलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं मानणं कठीण. इंद्रधनुष्य मुद्दाम ठेवलेलं आहे.

ते टेकतं कुठे, ते पाहा : क्लोजमधल्या, म्हणजे कॅथीड्रलच्या भिंतबंद आवारातल्या, लेडनहॉल या घरावर. ते आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचे धर्माधिकारी) जॉन फिशर यांचं घर. कॉन्स्टेबलचे हे जिवलग मित्र. कॉन्स्टेबलची पत्नी मरिया १८२८मध्ये गेली, आणि त्यानंतर हे मोठं चित्र हाती घ्यायला फिशर यांनीच त्यांना प्रोत्साहन दिलं. चित्र १८३१मध्ये रॉयल अकॅडमीत लागलं, १८३२मध्ये फिशरही वारले, आणि कॉन्स्टेबल त्यानंतरही चित्रावर हात फिरवत राहिले. इंद्रधनुष्य मित्राच्या मृत्यूनंतर घातलं असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. हे चित्र शहराचा पुरावा म्हणून वापरायचं असेल, तर आभाळ आणि जमीन वेगळी मोजायची. नदी, गाडी, कुंपण, कॅथीड्रलची बाजू हे स्थळावरच्या रेखाटनांतून आलेलं आहे. ढग, वीज आणि धनुष्य हे मनाचं, आणि काहींच्या मते १८३०च्या आसपासच्या धार्मिक-राजकीय खळबळीचंही. १५२ बाय १९० सेंटिमीटरचं हे चित्र ब्रिटनच्या टेट या कलासंग्रहालय संस्थेने २०१३मध्ये २.३१ कोटी पौंडांना घेतलं, आणि सॉल्सबरी म्युझियमसह काही संग्रहालयांशी भागीदारी करून ते फिरवलंही.

प्रश्न : 'बिशपच्या बागेतून कॅथीड्रल' हे कॉन्स्टेबलचं चित्र वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं दिसतं. छपाईचा दोष का?

नाही, चित्रंच वेगळी आहेत. पहिलं १८२३चं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते बिशप जॉन फिशर यांनी (आर्चडीकनचे हे काका, नाव एकच, म्हणून गोंधळ होतो) सांगून काढून घेतलं, आणि मग आभाळातल्या काळ्या ढगावर नाक मुरडलं. तेव्हा कॉन्स्टेबलनी उजळ आभाळाची दुसरी आवृत्ती करायला घेतली. ती १८२६मध्ये पुरी झाली, पण बिशप १८२५मध्येच वारले होते. ही न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. तिचं पूर्ण आकाराचं कच्चं चित्र त्याच शहरातल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात.

ओळखायची खूण सोपी आहे. १८२३च्या चित्रात दोन्हीकडची झाडं शिखराच्या वर एकमेकांकडे झुकून कमान करतात. नंतरच्या आवृत्तीत फांद्या बाजूला होतात आणि शिखर मोकळ्या आभाळात येतं. डाव्या कोपऱ्यात काठीने शिखर दाखवणारे गृहस्थ म्हणजे स्वतः बिशप. गिऱ्हाईक चित्रातच उभं असल्यावर ढगाची तक्रार होणारच!

प्रश्न : जुन्या चित्रांत रस्त्याच्या कडेने किंवा मधून पाणी वाहताना दिसतं. पूर आला होता का?

तो रोजचा देखावा होता. तेराव्या शतकात शहर आखताना चौकटीच्या पटासारखे रस्ते पाडले. दोन रस्त्यांमधल्या घरांच्या चौकोनाला तिथे 'चेकर' म्हणतात. एव्हन नदीचं पाणी उघड्या पाटांनी या रस्त्यांतून खेळवलं होतं. प्रवासी कौतुकाने त्याला इंग्लंडचं व्हेनिस म्हणत. पिण्याचं, धुण्याचं आणि टाकून द्यायचं असं सगळं पाणी तेच. शिवाय जमिनीखालचं पाणी उथळ, त्यामुळे शौचकूप झिरपून त्यात मिसळत. १८४९मध्ये पटकीची मोठी साथ आली. डॉक्टर अँड्र्यू मिडलटन यांनी पाट बुजवण्याचा आग्रह धरला, विरोध झाला, पण १८५०च्या दशकात पाट बुजले आणि भूमिगत गटारं आली.

म्हणजे रस्त्यातला पाट ही चित्राची तारीख ठरवायला आणखी एक चांगली खूण आहे : दिसला तर ते रेखाटन एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीचं.

पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पाट उपसताना गाळातून मध्ययुगीन वस्तूंचा ढीग निघाला : यात्रेकरूंची शिशाची बिल्लं, किल्ल्या, सुऱ्या, नालांसारखं लोखंडी सामान. हा 'ड्रेनेज संग्रह' ठेवायला जागा हवी म्हणून १८६०मध्ये सॉल्सबरी म्युझियम सुरू झालं. प्रदर्शनात या वस्तू चित्रांशेजारी असतील तर तिथे थांबा. क्लोजची चित्रं बिशप आणि आर्चडीकनच्या ओळखीपाळखीतून झाली आहेत. बाजारातला माणूस त्यांत ठिपक्याएवढा. गाळातली किल्ली मात्र त्याच ठिपक्याच्या घराची आहे.

प्रश्न : जलरंगांच्या खोलीत इतका अंधार का ठेवतात? पैसे देऊन धड दिसतही नाही.

तक्रार रास्त, कारणही रास्त. जलरंग आणि कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सपर्यंतच उजेड देतात (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास चालतो. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. ५० लक्स, रोज ८ तास, ९० दिवस धरले तर ३६,००० लक्स-तास होतात. त्यानंतर ते चित्र काही वर्षं अंधारात पेटीत ठेवायचं, असा हिशेब असतो. म्हणूनच एखादा टर्नर 'नेहमी' भिंतीवर सापडत नाही.

आत गेल्यावर लगेच चित्राशी जाऊ नका. पाच-सात मिनिटं डोळे सरावू द्या. काचेवर प्रतिबिंब येत असेल तर समोरून न पाहता जरा बाजूला सरका.

आणि एक सावधगिरी. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या जलरंगांत गुलाबीसर आभाळ दिसलं की ती संध्याकाळ समजू नका. त्या काळी करड्या ढगांसाठी नीळ आणि तांबूस मातीचा रंग मिसळत. नीळ उजेडाने उडते, तांबडा टिकतो, आणि ढगाळ दुपारची 'गुलाबी संध्याकाळ' होते. खात्री करायची तर चौकटीखाली झाकली गेलेली कड पाहावी. तिथे मूळ निळसर करडा रंग शिल्लक असतो. संग्रहालयं कधीकधी अशा कडेचा फोटो शेजारी लावतात.

प्रश्न : सॉल्सबरी कॅथीड्रलचं एक जुनं छापचित्र विकत घेतलं. विकणाऱ्याने 'अस्सल, अठराव्या शतकातलं, मूळ रंगांसह' असं लिहिलं होतं. हे कसं पडताळावं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खिडकीचा उजेड एवढं पुरतं. चौकटीत असेल तर आधी बाहेर काढा. काचेमागे ठेवून केलेली परीक्षा निरुपयोगी.

भिंगातून पाहा. सगळीकडे समान अंतरावरचे ठिपके, रंगांची गुलाबासारखी चक्रं दिसली तर ती आधुनिक छपाई आहे, पुढचं काही तपासायला नको. सलग, टोकाला निमुळत्या होणाऱ्या, बोटाला किंचित उंच लागणाऱ्या रेघा असतील तर धातूच्या पत्र्यावर कोरलेलं. रेघांऐवजी खडूसारखी कणीदार पोत असेल तर शिळाछाप (दगडावरून छापलेलं, लिथोग्राफ), आणि मग ते अठराव्या शतकातलं नाहीच. शिळाछापाचा शोधच त्या शतकाच्या अगदी शेवटी लागला आणि इंग्लंडमध्ये तो १८२०च्या सुमारास रुळला. रेघाच नाहीत, नुसता मखमली काळेपणा आणि त्यातून खरवडून काढलेला उजेड असेल तर मेझोटिंट. डेव्हिड लुकास यांनी कॉन्स्टेबलच्या इंद्रधनुष्याच्या चित्राचं मोठं मेझोटिंट केलं, ते १८३७चं. मेझोटिंटचा पत्रा छापता छापता झिजतो, त्यामुळे आधीच्या प्रतींत काळं गडद असतं आणि नंतरच्या प्रतींत ते करडं होत जातं. भाव त्यावर ठरतो.

पत्र्याची छपाई असेल तर चित्राभोवती दाबाची चौकोनी कड कागदात उमटलेली असते. ती नसेल तर लगेच नकली म्हणू नका. पुस्तकातून कापताना समास छाटले जातात. सॉल्सबरीची खूपशी छापचित्रं अशी पुस्तकं फोडूनच बाजारात येतात. उदाहरणार्थ, जॉन ब्रिटन यांच्या १८१४च्या कॅथीड्रलवरच्या ग्रंथातली. रेघा फार बारीक, फिकट आणि आभाळ यंत्राने आखल्यासारखं सरळ असेल तर पत्रा पोलादाचा, आणि मग साल १८२०च्या पुढचं. तांब्याच्या पत्र्यावर इतकी बारीक रेघ फार प्रतींपर्यंत टिकत नाही.

खालच्या समासात लहान अक्षरांत प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख आहे का पाहा. १७३५च्या इंग्लिश कायद्याने छापचित्राच्या हक्कासाठी ती ओळ पत्र्यावर असणं आवश्यक केलं. पण पत्रे विकले जात, पत्ता बदलून तारीख तशीच ठेवून पुन्हा छापले जात. म्हणून कागदही तपासा. उजेडासमोर धरल्यावर जवळजवळच्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या आडव्या रेघा दिसल्या तर कागद जुन्या पद्धतीचा. असं काही नसून कापडासारखा एकसारखा असेल, तर तो १७५०च्या दशकानंतरच्या पद्धतीचा. तारीख १७४० आणि कागद एकसारखा, तर गडबड आहे.

'मूळ रंगां'बद्दल मात्र बहुतेक वेळा नकारच द्यावा लागेल. या प्रकारची वास्तुचित्रं बरीचशी काळ्या शाईतच निघाली. रंग नंतर दुकानदारांनी भरले. कागदावरच्या तपकिरी डागांवर रंग चढलेला असेल, किंवा फाटलेल्या कडेच्या आत झिरपला असेल, तर तो डागानंतर, फाटल्यानंतर भरलेला आहे. रंग भरल्याने चित्र खोटं होत नाही. किंमत मात्र तेवढी देऊ नये.

शेवटी उलटेपणाची परीक्षा. पत्र्यावर कोरलेलं चित्र छापल्यावर आरशासारखं उलटं होतं. कारागिराने काळजी घेतली नाही तर शहरच पालटतं. कॅथीड्रलची ओवरी आणि अष्टकोनी सभागृह दक्षिणेला आहेत. म्हणजे पश्चिमेच्या दर्शनी भिंतीसमोर उभं राहिलं की ओवरी उजव्या हाताला हवी, आणि जुन्या चित्रात घंटामनोरा डाव्या हाताला. तसं नसेल तर चित्र उलटं आहे. उलटी प्रत बहुधा दुसऱ्या छापचित्रावरून केलेली नक्कल असते.

प्रश्न : सेंट थॉमस चर्चमधलं भित्तिचित्र अशा प्रदर्शनाच्या विषयात बसतं का? ते तर धार्मिक आहे.

बसतं, आणि क्लोजच्या कितीतरी निसर्गचित्रांपेक्षा चपखल बसतं. हे व्यापाऱ्यांचं चर्च. लोकरीच्या पैशावर पंधराव्या शतकात ते वाढलं आणि गाभाऱ्याच्या कमानीवर १४७५च्या सुमारास अंतिम निवाड्याचं चित्र आलं. नरकाच्या बाजूला मुकुटधारी राजांसोबत हातात सुरई घेतलेली एक दारूविक्रेतीही आहे. माप मारणाऱ्या बाईला कुठे जावं लागतं ते बाजारातल्या गिऱ्हाइकाला रोज दिसावं म्हणून. धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुना फासला गेला, १८१९मध्ये ते पुन्हा दिसलं, परत चुन्याखाली गेलं आणि १८८१मध्ये कायमचं उघडलं. त्यामुळे आज दिसणारे काही रंग व्हिक्टोरियन डागडुजीचे आहेत.

प्रश्न : चित्रं पाहून प्रत्यक्ष त्या जागी उभं राहायचं असेल तर कसा क्रम ठेवावा?

सकाळी ओल्ड सेरम. आतल्या किल्ल्याला तिकीट लागतं. बाहेरच्या तटातला जुन्या कॅथीड्रलच्या पायाचा आराखडा मोकळा आहे. तिथून दक्षिणेला पाहिलं की टर्नरची मांडणी कळते. मग शहरात येऊन बाजार, पोल्ट्री क्रॉस, सेंट थॉमस आणि हाय स्ट्रीटच्या दरवाजातून क्लोज. दर्शनी भिंतीसमोर, किंग्ज हाउसमध्ये, सॉल्सबरी म्युझियम आहे. कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर जायचं तर ३३२ पायऱ्या, आणि फेरीची वेळ आधी ठरवावी लागते.

दुपार ढळली की क्वीन एलिझाबेथ बागेतून हार्नहॅमच्या जुन्या गिरणीकडे जाणारी टाउन पाथ ही पायवाट धरा. दहा-पंधरा मिनिटांची चाल. कॉन्स्टेबलची नेमकी जागा हीच नव्हे, पण पाणी, कुरण आणि शिखर यांचं नातं इथे कळतं. मावळतीचं ऊन पाठीशी येतं, त्यामुळे भिंती उजळतात. हिवाळ्यात पायवाट पाण्याखाली जाऊ शकते.

ही कुरणं नैसर्गिक नाहीत, एवढं लक्षात ठेवा. सतराव्या शतकापासून इथे पाट आणि दारं बसवून गवतावरून पाण्याचा पातळ, वाहता थर फिरवला जाई. वाहतं पाणी गारठा धरू देत नाही, गवत वसंतात लवकर येतं, मेंढ्यांना चारा मिळतो, मेंढ्या रात्री शेतात बसवून खत मिळतं. चित्रातलं ओलसर हिरवं कुरण हा त्या शहराच्या धान्य-लोकरीच्या व्यवहाराचाच भाग होता.

प्रश्न : एखाद्या शहरावर असं लहान प्रदर्शन लावायचं झालं, तर चित्रं सालवारीने लावावीत का?

सालवारी सोपी पडते आणि बहुतेक वेळा कंटाळा आणते. जागेप्रमाणे लावा. चार-पाच उभं राहण्याच्या जागा निवडा. सॉल्सबरीसाठी दर्शनी भिंत, बाजार, नदीकाठ, क्लोजचा दरवाजा आणि टेकडी. प्रत्येक जागेची चित्रं, नकाशा आणि फोटो एकाच भिंतीवर, जुन्यापासून नव्यापर्यंत. पाहणारा तोच कोपरा पाच वेळा पाहतो, त्यामुळे काय नाहीसं झालं ते त्याला न सांगता सापडतं. फोटोंची सुरुवात १८५८च्या रॉजर फेंटन यांच्या छायाचित्रांपासून करता येईल. नकाशांत नकाशाकार स्पीडच्या १६११च्या विल्टशर परगण्याच्या नकाशातला शहराचा छोटा आराखडा आणि विल्यम नेशचा १७१६चा आराखडा हवेतच.

तयारीत आधी तक्ता करा : उभ्या रकान्यात चित्रं, आडव्यात खुणा, घरात 'दिसतं', 'नाही' किंवा 'झाकलेलं'. 'झाकलेलं' हा पर्याय गाळला तर झाडामागची इमारत 'नव्हती' अशी नोंद होते आणि पुढचं सगळं घसरतं. तक्त्याशी न जुळणारी पाटीवरची तारीख संशयास्पद माना.

लावताना चित्रांचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर एका रेषेत ठेवा. वरच्या कडा जुळवायच्या भानगडीत पडू नका. पाटीचा मजकूर साठ-सत्तर शब्दांपुढे नको आणि अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको, कारण खोली अंधारी असणार. मूळ कागद लावणार असाल तर उजेड डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका, लक्समीटर प्रत्येक चित्राच्या पृष्ठभागाशी धरून मोजा. एकाच दिव्याखाली मधला भाग ५० आणि वरचा कोपरा १२० दाखवतो. प्रतिकृती लावणार असाल तर सगळ्या एकाच आकारात छापू नका. दोन मीटर रुंदीचं तैलचित्र आणि हाताएवढं रेखाटन सारखंच दिसलं, की कोणतं स्थळावर बसून काढलं आणि कोणतं चित्रशाळेत रचलं, हा फरकच पाहणाऱ्याच्या हातून निसटतो. मूळ माप सेंटिमीटरमध्ये पाटीवर द्या, आणि जमलं तर एक तरी मोठी प्रतिकृती मूळ मापाची करा.